पद्मिनीचं इंजिन खुलवायचं आणि पीयूसीही काढायची: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

पीयूसीच्या कागदावर जुन्या पेट्रोल गाडीसाठी दोन मर्यादा असतात. कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ३ टक्के, हायड्रोकार्बन (एचसी), म्हणजे न जळलेलं पेट्रोल, १५०० पीपीएम (दहा लाख भागांत १५०० भाग). भारत स्टेज २ हे धुराचे नियम यायच्या आधी बनलेल्या प्रत्येक चारचाकी पेट्रोल गाडीला हेच आकडे लागू आहेत, मग ती १९६६ ची फियाट असो की १९९६ ची पद्मिनी. स्टेज २ ची गाडी आली की तीच मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएमवर येते. म्हणजे कायद्याने आपल्या गाड्यांना चांगली मोकळीक दिली आहे. तरीही इंजिनावर काम केलेल्या गाड्या पीयूसीला अडकतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं.

ही चाचणी आयडलिंगला होते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, इंजिन तापलेलं, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. आपल्याला ताकद हवी असते ती खंडाळ्याचा घाट चढताना, तीन-चार हजार आरपीएमला. या दोन जागा इंजिनात वेगळ्या आहेत. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये त्यांची सर्किटंसुद्धा वेगळी असतात. नवखा माणूस ताकदीच्या नादात आयडलिंग बिघडवून बसतो. ज्याला हा फरक कळला त्याची गाडी पळतेही आणि पासही होते. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती लिहिलं आहे.

उदाहरणं प्रीमियर पद्मिनीची घेतो, कारण माझे हात तिच्यावरच काळे झाले आणि मुंबईत तिचा माल आणि तिचे मिस्त्री अजून मिळतात. कुर्ल्याला बनलेली ही गाडी, १०८९ सीसीची. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी. तिची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. खासगी गाड्या मात्र आहेत, आणि त्या चालत्या ठेवायच्या असतील तर धूर आपणच आवरायला हवा. ॲम्बेसेडरवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी आरसी बुक उघडा

पाना हातात घ्यायच्या आधी आरसी बुक वाचा. त्यात इंजिन नंबर, चासी नंबर, सीसी आणि इंधन लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आशय सरळ आहे: कंपनीने दिलेला आणि आरसीत नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पद्मिनीत दुसऱ्या कंपनीचं १३०० सीसीचं इंजिन बसवून नंतर आरटीओत बघू म्हणणारे बरेच भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. इंजिन बदलायचं तर परवानगी आधी आणि आरसीत नोंदही. सीएनजीचंही तसंच, मान्यताप्राप्त किट आणि आरसीवर नोंद.

नोंदणीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी आरटीओपुढे न्यावी लागते. तिथे इंजिन नंबर तपासतात. म्हणून मी नवख्यांना एकच मर्यादा सांगतो: ब्लॉक तोच, नंबर तोच, इंधन तेच. काम जे करायचं ते त्याच इंजिनाच्या तब्येतीवर, त्याच्या श्वासावर आणि ठिणगीवर करा.

पन्नास वर्षं उलटलेली गाडी असेल तर अजून एक निर्णय आधी घ्यावा लागतो. २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षं झालेली गाडी ‘व्हीए’ मालिकेच्या नंबरवर नोंदता येते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. शिवाय त्या नंबरावर गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच काढता येते. १९६० च्या दशकातली फियाट ११०० तुमच्याकडे असेल आणि तिचे मूळ भाग शाबूत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: तिच्या इंजिनाला हात लावू नका. असं इंजिन पुन्हा मिळत नाही. १९८०-९० च्या पद्मिनी अजून पुष्कळ आहेत, प्रयोग त्यांच्यावर करा.

पहिली पायरी: गाडी आहे तशी धड करा

माझी पहिली चूक इथेच झाली. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या महिन्यात मी मोठा कार्बोरेटर आणला आणि एका गॅरेजमध्ये बसवून घेतला. पिकअप वाढल्यासारखा वाटला. पीयूसीला मात्र सीओ सहाच्या पुढे आणि एचसी दोन हजारांच्या वर. मग तीन महिने मी जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलचं माप ठरवणारी भोकं, बदलत बसलो. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी टॅपेट कव्हर उघडलं, फट मोजायचा फीलर गेज घातला आणि म्हणाले, “साहेब, एक नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व बसतच नाहीये. याच्यावर तुम्ही काय पण लावा.” कार्बोरेटरचा दोष थोडाच होता. आजारी इंजिनावर मी बदल चढवला होता.

म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी ही कामं याच क्रमाने करा.

कॉम्प्रेशन तपासा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, कॉइलची वायर सुटी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चार सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघा. आकडा वर आला तर रिंगा गेल्या. तसाच राहिला तर व्हॉल्व किंवा हेडचं पॅकिंग. यावरूनच ठरतं की हेड उतरवून भागेल की रिंग-पिस्टनपर्यंत जावं लागेल. रिंगा गेलेल्या इंजिनातून ऑइल जळतं, आणि जळकं ऑइल एचसीच्या आकड्यात उतरतं. त्याच्यावर कोणताही स्क्रू फिरवून उपाय होत नाही.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या भागातली फट. इंजिन पूर्ण थंड असताना, मॅन्युअलमधल्या गॅपवर लावा. “टॅपेटचा आवाज येतोय” म्हणून कमी गॅपवर घट्ट करून देणारे मिस्त्री खूप आहेत. आवाज जातो, पण गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण बसत नाही, न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं आणि काही महिन्यांत व्हॉल्वच जळतो. थोडा टकटक आवाज असू द्या.

मग हवेची गळती. कार्बोरेटरच्या खालचं पॅकिंग, मॅनिफोल्ड, व्हॅक्यूमची नळी, थ्रॉटलच्या (कार्बोरेटरमधल्या हवेच्या झडपेच्या) दांड्याच्या दोन्ही बाजू. चाळीस वर्षं फिरून तो दांडा इतका झिजलेला असतो की बाजूनेच हवा ओढतो. अशा कार्बोरेटरवर आयडलिंग कधीच स्थिर लागत नाही. लेथवाल्याकडे जाऊन ब्रासचे बुश बसवून घ्या. हे काम स्वस्तातलं आहे, पण महागड्या बदलांपेक्षा फरक जास्त पाडतं.

प्लग, प्लगच्या वायरी, कॅप, रोटर नवे घ्या. एअर फिल्टर नवा. ऑइल बदला, आणि हे ऑइलचं काम हलक्यात घेऊ नका: चोक अडकून किंवा छोट्या फेऱ्या मारून ऑइलमध्ये पेट्रोल उतरलेलं असतं. गरम झाल्यावर ते वाफ होऊन ब्रीदरच्या नळीतून परत इंजिनात जातं आणि सीओ उगीच वर जातो.

सुट्या भागांसाठी ऑपेरा हाऊसचा बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, ही दोन ठिकाणं आधी पालथी घाला. पॅकिंग, कॅप, रोटर, फिल्टर तिथे मिळून जातात. कार्बोरेटर जुना घ्यायचा असेल तर फ्लॅप बंद करून थ्रॉटलचा दांडा हलवून बघा. खुळखुळला तर ठेवून द्या.

हे सगळं झाल्यावर एकदा पीयूसी काढा आणि तो कागद जपून ठेवा. माझ्या मते तुमच्या सगळ्या कामातला हाच सर्वांत मोलाचा कागद, कारण पुढचा प्रत्येक बदल याच्याशी ताडून बघायचा आहे. निरोगी पद्मिनी काहीही न बदलता ३ टक्क्यांच्या आत आरामात बसते. ती बसत नसेल तर पुढची पायरी चढू नका.

इ-२० चं गणित

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपली इंजिनं त्यासाठी बनलेली नाहीत, म्हणून हा भाग नीट समजून घ्या.

शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला एका किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. इ-२० ला सुमारे १३.५ किलो पुरते, कारण इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतो. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो. परिणामी मिश्रण आठेक टक्के पातळ होतं. पीयूसीत सीओ आपोआप कमी दिसतो आणि माणूस खूश होतो. पण आधीच पातळ लावलेली गाडी याने आयडलिंगला मिसिंग करते आणि एचसी चढतो. रस्त्यावर पिकअप अडखळतो, इंजिन जास्त तापतं.

सोलेक्स आणि वेबर या कंपन्यांच्या कार्बोरेटरमधल्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, शतांश मिलिमीटरमध्ये. १२० चा जेट म्हणजे १.२० मिमी. त्या जागी १२५ लावला तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे इ-२० ने पाडलेली तूट जवळजवळ भरून निघते. एकच आकडा वर जायचं आणि प्लगचा रंग बघायचा. ड्रिल घालून भोक मोठं करणाऱ्याच्या हातात जेट देऊ नका. भोकाची कड खराब झाली की माप उरत नाही.

जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, कॉर्कची पॅकिंग इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. इथेनॉलला चालणारे वायटनचे पाइप टाका. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकण्याचा धोका पीयूसीपेक्षा कितीतरी मोठा आहे. गाडीत छोटं अग्निशामक ठेवाच.

इथेनॉलची एक गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. इ-२० चा ऑक्टेन आकडा ९५ च्या घरात आहे, आपल्या जुन्या पेट्रोलपेक्षा बराच वर. त्याचा उपयोग कॉम्प्रेशन वाढवताना होतो.

दुसरी पायरी: ठिणगी

पहिला खरा बदल इग्निशनचा करा. चारही प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत डेल्को, त्यातले पॉइंट आणि कंडेन्सर काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसतं. बाहेरून काही दिसत नाही, आरसीशी संबंध नाही, आणि हवं तेव्हा पुन्हा पॉइंट लावता येतात. पॉइंट झिजले की ठिणगीची वेळ सरकत जाते, कधी कधी ठिणगीच पडत नाही. प्रत्येक चुकलेल्या ठिणगीला सिलिंडरभर कच्चं मिश्रण सायलेन्सरमधून बाहेर पडतं. एचसीचा आकडा म्हणजे बऱ्याच अंशी या चुकलेल्या ठिणग्यांचा हिशेब असतो. मॉड्यूल लावताना कॉइलचा रेझिस्टन्स त्याला जुळतो का ते तपासा. न जुळणारी कॉइल मॉड्यूल जाळते.

डेल्को उघडलाच आहे तर आतली वजनं आणि स्प्रिंगा बघा. जुनं ग्रीस सुकून वजनं अडकलेली असतात, मग टायमिंग पुढे सरकत नाही. मिस्त्री पिकअप मिळावा म्हणून अख्खा डेल्को फिरवून टायमिंग पुढे करतात, आणि आयडलिंगलाच ठिणगी फार लवकर पडायला लागते. एचसी वाढतो. वजनं साफ करा, व्हॅक्यूमची नळी काढून टायमिंग लाइटने आयडलिंगचं टायमिंग मॅन्युअलवर लावा, मग रेस देऊन ते पुढे सरकतंय का ते बघा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

तिसरी पायरी: हेड

हेड उतरवण्याची वेळ आलीच, म्हणजे व्हॉल्व ग्राइंडिंग करायचंच आहे, तर त्याच फेरीत कॉम्प्रेशन थोडं वाढवून घ्या. मोजून करायचं. ब्युरेट किंवा मोठी सिरिंज घ्या, व्हॉल्व आणि प्लग लावून हेड उलटं ठेवा, वर ॲक्रिलिकची भोक पाडलेली पट्टी चिकटवा आणि प्रत्येक खोलीत किती सीसी द्रव मावतो ते लिहा. हेडचं पॅकिंग आणि पिस्टनच्या वर उरणारी जागाही त्यात मिळवायची.

पद्मिनीच्या एका सिलिंडरचं आकारमान २७२ सीसी. वरची एकूण जागा ४३ सीसी असेल तर कॉम्प्रेशनचा रेशो (दोन्ही मिळून झालेलं आकारमान भागिले वरची जागा) ७.३ येतो. ती ३६ सीसी केली तर ८.६. सात सीसीचा हा फरक म्हणजे गाडीच्या स्वभावातला फरक आहे: खालच्या आरपीएमलाही ओढ जाणवते आणि मायलेज सुधारतं. इ-२० वर साडेआठपर्यंत जायला मी घाबरत नाही. नऊच्या पुढे जाऊ नका. मुंबईच्या मे महिन्यात सायनच्या सिग्नलला दहा मिनिटं उभं राहायचंय, हे इंजिन ठरवताना विसरता येत नाही.

फेस मारणाऱ्याला, म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग घासून देणाऱ्याला, सांगताना मिलिमीटर सांगा आणि एकदम जास्त काढू देऊ नका. काढलेलं परत लावता येत नाही. चारही खोल्या एकसारख्या करणं हे रेशोइतकंच महत्त्वाचं. एका सिलिंडरला आठ आणि दुसऱ्याला साडेआठ असेल तर आयडलिंग कधीच गुळगुळीत होणार नाही. पोर्ट (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटा) उजळताना इनटेक आरशासारखा चकाचक करायचा नाही, जरा खरखरीत राहू द्या म्हणजे पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटत नाहीत. भोक मोठं करण्यापेक्षा मॅनिफोल्ड, पॅकिंग आणि पोर्ट एका रेषेत आणा.

हेड ओतीव लोखंडाचं असेल, जसं ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं, तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. शिसं असलेलं पेट्रोल देशातून २००० साली गेलं. शिशाचा थर जाऊन सीट खचते, टॅपेटचा गॅप आपोआप कमी होतो आणि पुन्हा तीच एचसीची कहाणी.

कॉम्प्रेशन वाढलं की नायट्रोजन ऑक्साइडही वाढतात. आपल्या पीयूसीत ते मोजत नाहीत. पण मागे रिक्षात बसलेल्या मुलाच्या छातीत ते जातात. म्हणून मी टायमिंग नेहमी खटखट सुरू होण्याच्या बऱ्याच अलीकडे ठेवतो, अर्धा हॉर्सपॉवर गेला तरी चालेल.

बोअर मारायची वेळ आली तर वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. सीसी १०८९ चे ११०५ होतात. ही झिजेची दुरुस्ती आहे. ताकदीसाठी साठ थाऊपर्यंत जाणाऱ्याच्या सिलिंडरच्या भिंती पातळ होतात आणि पुढच्या दुरुस्तीला ब्लॉक उरत नाही.

चौथी पायरी: कार्बोरेटर

आता, आणि आताच, मोठ्या कार्बोरेटरचा विचार. घ्यायचाच तर दोन बॅरलचा, म्हणजे हवेच्या दोन नळ्यांचा, प्रोग्रेसिव्ह घ्या. त्यात पहिला बॅरल लहान असतो, रोजच्या चालवण्याचं आणि आयडलिंगचं काम तो करतो; पाय खोल गेला की दुसरा उघडतो. लहान नळीत हवेचा वेग टिकतो, पेट्रोल हवेत नीट मिसळतं आणि आयडलिंग स्वच्छ राहतं. एकच मोठी नळी असलेल्या कार्बोरेटरमध्ये आयडलिंगला हवा इतकी हळू जाते की पेट्रोल धड फुटत नाही. बाजूने बसणारे दोन रेसिंग कार्बोरेटर दिसायला सुंदर असतात, पण नवख्याने ते भाड्याच्या गॅस ॲनलायझरवर जुळवायला जाऊ नये.

बसवताना बॅरलचा आणि खालच्या फ्लँजचा आकार जुळवा. ॲडॅप्टरची प्लेट सपाट हवी, नाहीतर हवेची गळती तिथूनच सुरू होते. फ्लोटची (कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल मापात ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी मापाने लावा. सीओ कारण नसताना वर असेल तर मी सर्वांत आधी फ्लोट आणि नीडल व्हॉल्व बघतो, मग चोक पूर्ण उघडतोय का ते.

एक्झॉस्टबद्दल थोडक्यात: ४-२-१ चा हेडर (चार नळ्या दोनांत आणि दोन एकात जोडणारा) लावला तर फायदा आहे, पण मागचा सायलेन्सर पूर्ण कामाचा ठेवा. आवाज करणाऱ्या सायलेन्सरवर वाहतूक पोलीस कारवाई करतात, आणि ते योग्यच आहे. जोडांमध्ये गळती नको. का ते पुढे येतं.

कॅमशाफ्टचं, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. रस्त्याच्या गाडीला बदलू नका. रेसिंगच्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व बराच वेळ एकत्र उघडे राहतात. वरच्या आरपीएमला ते उपयोगी, पण आयडलिंगला जळका धूर परत आत येतो, मिश्रण धड पेटत नाही आणि न जळताच बाहेर पडतं. इंजिन लंगडतं, एचसी दोन हजारांच्या पुढे जातो आणि कोणत्याही जेटने तो खाली येत नाही. पीयूसी सांभाळून करता न येणारा असा हा एकच लोकप्रिय बदल.

पाचवी पायरी: चार गॅसांचं वाचन

चार गॅस मोजणारा ॲनलायझर असलेलं गॅरेज शोधा आणि ट्यूनिंग तिथेच करा. सीओ आणि एचसीबरोबर त्यात कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही दिसतात. चारही आकडे एकत्र वाचले तर इंजिन आतून काय करतंय ते कळतं.

सुरुवात कार्बन डायऑक्साइडपासून करा. निरोगी, गरम पद्मिनीत तो १२-१३ टक्के दिसायला हवा. तो आठ-नऊवर अडकला आणि ऑक्सिजन खूप वर असेल तर एक्झॉस्टच्या जोडातून बाहेरची हवा मिसळतेय किंवा प्रोब (सायलेन्सरमध्ये घालायची मशीनची नळी) नीट आत गेलेला नाही. अशा वेळी सीओ कमी दिसतो, पण तो खोटा आहे. हवा मिसळवून पास झालेल्या गाडीचा धूर तसाच राहतो. त्या कागदाचा कोणालाच उपयोग नाही.

सीओ जास्त, एचसी बेताचा: मिश्रण दाट. स्क्रू, फ्लोट, चोक, एअर फिल्टर. सीओ अर्ध्या टक्क्याच्या खाली आणि एचसी उड्या मारतोय: मिश्रण इतकं पातळ की पेटतच नाही, किंवा हवेची गळती. इथे माणसं स्क्रू अजून आत घेतात आणि एचसी आणखी वाढवतात. स्क्रू बाहेर काढा. सीओ बरोबर, एचसी जास्त: ठिणगी, टायमिंग, टॅपेट, किंवा जळणारं ऑइल. दोन्ही जास्त असतील तर एका सिलिंडरची प्लगची वायर क्षणभर काढून बघा. आयडलिंग ज्या वायरीने बदललं नाही तो सिलिंडर आळशी.

स्क्रू लावायची रीत अशी. आयडलिंग ८५० च्या आसपास. बहुतेक सोलेक्स-वेबरवर मिश्रणाचा स्क्रू बाहेर काढला की दाट होतं. इंजिन सर्वांत जास्त फिरेल तिथपर्यंत स्क्रू न्या, आयडलिंग पुन्हा ८५० वर आणा, मग स्क्रू थोडा आत घ्या, आरपीएम वीस-तीसने पडेल इतकाच. प्रत्येक वेळी अर्धं मिनिट थांबा, ॲनलायझरचा आकडा मागून येतो. सीओ १.५ ते २ टक्के आणि एचसी पाचशेच्या आसपास मिळाला की हात थांबवा. ०.५ च्या हव्यासात सिग्नलला बंद पडणारी गाडी करू नका, आणि २.९ वर सोडूनही देऊ नका, कारण पावसाळी दिवशी तोच ३.२ दाखवेल.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर चारही आकडे वहीत लिहा. मी हे न केल्यामुळे तीन महिने घालवले.

चाचणीच्या दिवशी

गाडी वीस मिनिटं तरी चालवून न्या. थंड इंजिनावर चोकचा अंश उरतो आणि कार्बोरेटर दाट सोडतो. रांगेत दहा मिनिटं आयडलिंगला उभी राहिली तर प्रोब लावायच्या आधी वीसेक सेकंद दोन हजारांवर रेस द्या, प्लगवर साचलेलं जळून जातं, मग आयडलिंग स्थिर होऊ द्या. एसी बसवला असेल तर बंद. प्रोब सायलेन्सरमध्ये किमान ३० सेंटीमीटर आत जायला हवा, ऑपरेटरला नम्रपणे सांगा. मशीनवर तुमची गाडी कोणत्या वर्गात टाकली आहे तेही बघा, चुकून ०.५ टक्क्याच्या वर्गात गेली तर निरोगी पद्मिनीही नापास होईल. आरसी बुक सोबत न्या, वर्ष दाखवता येतं.

प्रमाणपत्र सहा महिन्यांचं मिळतं. ते नसताना पकडलं गेलं तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

सहा महिन्यांचं हे अंतर मुंबईत असं ठेवा की एक तारीख मे महिन्यात आणि दुसरी नोव्हेंबरात येईल. मेमधली तपासणी पावसाच्या आधीची: डेल्कोची कॅप उघडून पुसा, भेग असेल तर बदला, प्लगच्या वायरींच्या टोपणांना ग्रीस लावा. जुलैत गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत दमट हवा राहते, इथेनॉल तिच्यातलं पाणी ओढून घेतो आणि ते पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट गाळ दिसला तर हेच झालंय असं समजा. नोव्हेंबरात वाटी उघडून साफ करा, फिल्टर बदला, टॅपेट पुन्हा मोजा, आणि वहीतल्या मेच्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा. एचसी शंभर-दीडशेने वर सरकला असेल तर पहिला संशय टॅपेटवर घ्या, दुसरा एक नंबरच्या प्लगवर.